घरात दुसरं कोणी नसताना मधुमेह कसा सांभाळायचा

माझी आत्या ७४ व्या वर्षी एकटी राहत होती. मधुमेहाला वीसेक वर्षं झालेली, सकाळी गोळ्या आणि रात्री इन्सुलिन. एका सकाळी फोन केला तर ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती आणि आपलं काही चुकतंय हे तिला कळतच नव्हतं. आम्ही पोहोचलो तेव्हा उशी घामाने ओली झाली होती. मीटरवर साखर आली ४१. आदल्या रात्री जेवायचा कंटाळा आला म्हणून ती कपभर दूध पिऊन झोपली होती, इन्सुलिन मात्र नेहमीइतकंच घेतलं होतं. ग्लुकोजचा डबा घरात होता, पण स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर.

साखर वाढू देऊ नका, असं तिला वीस वर्षं सगळ्यांनी बजावलं होतं. ती उतरली तर काय करायचं, हे कोणी जवळ बसून सांगितलं नव्हतं. म्हणून मी हा लेख त्या टोकापासून लिहिते आहे. वाढलेली साखर बहुधा वर्षानुवर्षं हळूहळू नुकसान करते. उतरलेली साखर अर्ध्या तासात माणसाला आडवं करते.

मेंदूला साखर कमी पडली की आपण नीट विचार करतोय की नाही, हे ओळखण्याची ताकदच आधी जाते. घरात दुसरं माणूस असेल तर ते म्हणतं, "असे काय बघताय? साखर तपासा बरं." एकट्याच्या घरात हे म्हणणारं कोणी नसतं. ते वाक्य घड्याळाकडून, गोळ्यांच्या डबीकडून, फोनकडून किंवा शेजाऱ्याकडून कसं आणायचं, यासाठीच पुढची सगळी कामं आहेत.

पहिलं काम: आपला आकडा आणि आपली गोळी ओळखा

पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा आणि उत्तरं तिथल्या तिथे लिहून घ्या.

पहिला प्रश्न: "मी घरात एकटी असते, तर माझी साखर किती असावी?" एकटं राहणं कोणत्याही रिपोर्टात दिसत नाही, त्यामुळे ते आपणच सांगावं लागतं. तब्येत चांगली आणि बाकीचे आजार कमी असतील तर ज्येष्ठांसाठी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, टक्क्यांत) साधारण ७ ते ७.५ च्या खाली ठेवतात. जोडीला हृदयाचा, मूत्रपिंडाचा त्रास किंवा विसरणं असेल तर ८ च्या खाली असलेलं पुरतं. अशांसाठी उपाशीपोटी ९० ते १५० आणि झोपताना १०० ते १८० हे पट्टे सर्वसाधारणपणे धरले जातात. (हे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरचे आहेत. तुमचं मीटर मिलिमोल दाखवत असेल तर त्याच्या आकड्याला १८ ने गुणा.) इन्सुलिन घेणाऱ्या ८० वर्षांच्या माणसाचा एचबीए१सी ६.२ आला तर मला त्याचं कौतुक वाटत नाही, काळजी वाटते. तो रिपोर्ट हातात घेऊन "डोस कमी करायचा का?" हे विचारायलाच हवं. शिवाय रक्तक्षय किंवा मूत्रपिंडाचा आजार असला तर हा आकडा फसवा येऊ शकतो.

दुसरा प्रश्न: "माझ्या औषधांपैकी साखर फार खाली नेऊ शकेल असं कोणतं?" इन्सुलिन तर आहेच. गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड या मंडळींकडे लक्ष ठेवायचं. त्यातही ग्लिबेनक्लामाइड शरीरात बराच वेळ काम करत राहतं, आणि वयस्कर माणसांना ते शक्यतो देऊ नये असंच तज्ज्ञ सांगतात. तुमच्या चिठ्ठीवर ते असेल तर पर्याय विचारा. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर धोकादायकरीत्या उतरणं क्वचितच घडतं. ज्या गोळीने साखर उतरू शकते तिच्या पाकिटावर जाड पेनाने ठळक खूण करा. "जेवण नाही तर ही घेण्याआधी विचार" हे त्या खुणेने आठवलं पाहिजे.

साखर उतरली तर

७० च्या खाली गेली की साखर उतरली. ५४ च्या खाली गेली की गंभीर. घाम, हाताला कंप, धडधड, अचानक भूक, ओठांना मुंग्या, चिडचिड ही नेहमीची लक्षणं. पण वय वाढतं आणि मधुमेह जुना होतो तशी ही लक्षणं पुसट होतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या, म्हणजे मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांसारखे बीटा ब्लॉकर, धडधड आणि कंप झाकून टाकतात. घाम मात्र बहुधा येतोच. म्हातारपणी कित्येकदा पहिली खूण असते ती चालताना तोल जाणं, शब्द न सुचणं किंवा उगाच गोंधळल्यासारखं होणं. "वयामुळे होतं असं" म्हणून ती सोडून देऊ नका.

तयारी आजच करा. १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखरेच्या पुड्या बांधा. मापाने ते ३ ते ४ चहाचे चमचे होतात. पुड्या तीन जागी ठेवा: उशीशेजारी, बसायच्या खुर्चीजवळ आणि बाहेर नेता त्या पिशवीत. उशीशेजारी पाण्याची बाटली हवी, तिचं झाकण सहज उघडणारं हवं. हात थरथरत असताना घट्ट झाकण आणि चिकटपट्टी दोन्ही उघडत नाहीत, म्हणून पुड्याही सैल बांधा.

प्रत्यक्ष वेळ आली की क्रम असा ठेवा.

१. उभे असाल तर खाली बसा.
२. मीटर हाताशी असेल तर मोजा. नसेल तर ते शोधायला उठू नका, पुडी तोंडात टाका आणि वर पाणी प्या. साधारण १५० मिलिलिटर फळांचा रसही चालतो. चॉकलेट किंवा बिस्किटं नकोत. त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.
३. तोंडात साखर गेल्यावर फोन करा. "माझी साखर उतरली आहे, १५ मिनिटांनी मला परत फोन कर," एवढंच बोला. फोन आला नाही आणि तुम्हीही केला नाही तर त्या माणसाने निघायचं, हे आधीच ठरलेलं असावं.
४. चालता येत असेल तर दाराची आतली कडी काढा.
५. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर दुसरी पुडी.
६. साखर वर आली आणि पुढच्या जेवणाला तासाभराहून जास्त वेळ असेल तर थोडं काही खा, नाहीतर ती परत घसरते.

पोटातली साखर हळू शोषली जावी म्हणून अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेत असाल तर घरातली साखर वेळेवर उपयोगी पडत नाही, कारण या गोळ्या तिचं पचनच लांबवतात. तुमच्या पुड्यांमध्ये शुद्ध ग्लुकोजच हवं.

वर नावं दिलेल्या ग्लिमेपिराइडच्या कुळातल्या गोळीमुळे साखर उतरली असेल तर एकदा वर आली म्हणून निर्धास्त होऊ नका. काही तासांनी ती पुन्हा उतरू शकते, मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्तच. अशा वेळी मी एकट्या माणसाला घरी थांबायचा सल्ला देणार नाही. कोणाला तरी सोबतीला बोलवा किंवा दवाखान्यात जा.

काही जणांना ग्लुकागॉनचं (यकृतातली साखर रक्तात आणणारं औषध) इंजेक्शन किंवा नाकात मारायचा फवारा लिहून देतात. तो बेशुद्ध माणसाला दुसऱ्या कोणीतरी द्यायचा असतो, म्हणून नुसता कपाटात असून भागत नाही. तो कुठे आहे आणि कसा द्यायचा, हे ज्याच्याकडे तुमच्या घराची किल्ली आहे त्याला माहीत हवं.

आणि साखर का उतरली याचं कारण सापडेपर्यंत प्रकरण मिटलेलं नसतं. जेवण चुकलं, जास्त चालणं झालं, डोस दोनदा गेला, मद्य घेतलं (मद्यामुळे यकृत साखर सोडायचं थांबवतं, आणि तो परिणाम रात्रभर राहू शकतो), की यातलं काहीच नाही? काहीच नसेल तर बहुधा डोस जास्त आहे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवा.

किल्ली आणि रोजचा फोन

एक किल्ली चालत पाच मिनिटांच्या आत राहणाऱ्या माणसाकडे असावी. दूरच्या मुलाकडे असलेली किल्ली त्या सकाळी कामाची नसते. न्हाणीघराची कडी आतून लावायची सवय मोडा.

रोज ठरलेल्या वेळी एक निरोप जाऊ द्या. वेळ सकाळचीच ठेवा, कारण रात्रीची घसरण सकाळी उघड होते. नऊपर्यंत तुमचा निरोप गेला नाही तर समोरचा फोन करेल, तो उचलला नाही तर किल्लीवाला येईल. हा करार स्पष्ट शब्दांत करा. "लक्ष ठेव हं" म्हटल्याने कोणीही लक्ष ठेवत नाही, वेळ ठरली की ठेवतात. पुष्कळ ज्येष्ठांना यात ओझं झाल्यासारखं वाटतं. मला वाटतं, रोजच्या एका निरोपाचं ओझं मुलांना दिवसभराच्या धाकधुकीपेक्षा फार हलकं असतं.

परवडत असेल तर दंडावर लावायचा साखरेचा सेन्सर एकट्या माणसाला खरंच उपयोगी आहे. साखर उतरली की तो आवाज करतो, आणि काही प्रकारांत तीच सूचना दूरच्या नातेवाइकाच्या फोनवरही जाते. दोन गोष्टी माहीत असू द्या. सेन्सर रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो, त्यामुळे जिवाला बरं वाटत नाही पण आकडा चांगला आहे, असं झालं तर बोटातून तपासा. आणि त्याच कुशीवर दाबून झोपलात तर तो खोटा कमी आकडा दाखवू शकतो.

मोजणं

हात साबणाने धुऊन पुसा. फळ सोलल्यानंतर न धुतलेल्या बोटातून घेतलेला थेंब साखर खूप वाढलेली दाखवू शकतो, आणि त्या आकड्यावर इन्सुलिन वाढवलं तर मग खरा घोटाळा. सुई बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचा, तिथे कमी दुखतं. स्ट्रिपची डबी घट्ट बंद ठेवा, तारीख उलटलेली स्ट्रिप वापरू नका. नजर कमी झाली असेल तर आकडा बोलून सांगणारी मीटरं मिळतात.

किती वेळा मोजायचं हे औषधांवर ठरतं. इन्सुलिन घेणाऱ्याने झोपण्यापूर्वी मोजणं सोडू नये. झोपताना १०० च्या खाली असेल तर थोडं खाऊन झोपा. सकाळी डोकं जड, वाईट स्वप्नं, ओली उशी असं घडत असेल तर दोनचार दिवस पहाटे तीनचा गजर लावून मोजा. आकड्याशेजारी दोन शब्द लिहा: "उशिरा जेवले", "पोट बिघडलं". नुसत्या आकड्यांची वही पाहून डॉक्टरांना फारसं काही सांगता येत नाही.

गोळी घेतली की नाही?

हा प्रश्न पडतोच. तरुणांनाही पडतो. उत्तर स्मरणात शोधू नका. सात दिवसांची, सकाळ-रात्र खाने असलेली डबी आठवड्यातून एकदा भरा. खाना रिकामा म्हणजे घेतली. इन्सुलिनसाठी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण, तीही सुई बाहेर आल्या क्षणी, नंतर नव्हे. आठवतच नसेल आणि खूणही नसेल तर साखर उतरवणारं औषध अंदाजाने पुन्हा घेऊ नका. साखर मोजा आणि डॉक्टरांना विचारा.

इन्सुलिनचं न उघडलेलं पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्याला लागून नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. वापरातलं पेन बहुतेक प्रकारांत साधारण २८ दिवस खोलीच्या तापमानाला चालतं. उघडल्याची तारीख त्यावर चिकटवा. दरवेळी नवी सुई, आधी २ युनिट हवेत सोडून धार येते का ते पाहणं, टोचल्यावर दहापर्यंत मोजून मग सुई काढणं. जागा बदलत राहा. एकाच जागी टोचून तिथे गाठ आली की इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही, आणि साखर विनाकारण वरखाली होते. बाटली आणि सिरिंज वापरत असाल तर मिलिलिटरला ४० युनिट असलेल्या बाटलीला ४० चीच सिरिंज, १०० ला १०० चीच. ही अदलाबदल झाली तर डोस अडीच पटींनी चुकतो.

एकट्याचं जेवण

"एकट्यासाठी काय रांधायचं" या वाक्याने जितकी साखर बिघडते तितकी गोड खाल्ल्यानेही बिघडत नसेल. आत्याचं तेच झालं. नेमकं पथ्य पाळण्याआधी ठरलेल्या वेळी जेवणं पाळा. उत्साह असेल त्या दिवशी दुप्पट करून अर्धं राखून ठेवा. ताटात अर्धा भाग भाज्या, पाव भाग धान्याचं किंवा पिष्टमय काही, पाव भाग प्रथिनांचा, एवढा हिशेब पुरे. उतारवयात स्नायू झपाट्याने झिजतात, म्हणून प्रथिनांत काटकसर नको. मूत्रपिंडाचा आजार असेल तरच त्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारा. वजन आपोआप उतरत असेल तर मधुमेह सुधारला असं समजू नका, दाखवून या. भूक नसेल त्या दिवशी किती डोस घ्यायचा, हे आधीच विचारून लिहून ठेवा.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं साखरेला फार मानवतं, घरातल्या घरात चाललात तरी. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं हा मांड्यांसाठी उत्तम व्यायाम आहे. तोल जात असेल तर शेजारी टेबल असू द्या.

आजारपणाचे दिवस

ताप, जुलाब, उलट्या. इथे एकटी माणसं सगळ्यात मोठी चूक करतात. "खाल्लंच नाही तर औषध कशाला?" म्हणून सगळंच बंद करतात. आजारपणात शरीर ताणाची संप्रेरकं सोडतं आणि न खाताही साखर चढते. दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन मनाने बंद करायचं नसतं. उलट मेटफॉर्मिन, लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या गोळ्या (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या अंगातलं पाणी कमी झालं असताना काही दिवस थांबवाव्या लागतात. तुमच्या चिठ्ठीतलं काय थांबवायचं आणि काय चालू ठेवायचं, हे बरे असतानाच डॉक्टरांकडून कागदावर घ्या. तापात फोनवर हे समजून घेणं जमत नाही.

दर चार तासांनी मोजा. दर तासाला थोडं पाणी प्या, तहान नसली तरी, कारण वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. हृदय किंवा मूत्रपिंडामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर ती आधीच विचारलेली असू द्या. साखर दोनदा ३०० च्या वर आली, उलट्या-जुलाब सहा तासांत थांबले नाहीत, काहीच पोटात ठरत नाही, श्वास जोरात चालतो, सुस्ती येते, यातलं एक जरी असलं तरी मदत बोलवा. वयस्कर माणसांत साखर दिवसेंदिवस चढत ६०० च्या पुढे जाते, अंग कोरडं पडतं आणि माणूस गुंगीत जातो. तिथे पोहोचल्यावर स्वतः फोन करता येत नाही. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळीवर असाल तर आणखी एक ध्यानात ठेवा: मळमळ, पोटदुखी आणि जोराचा श्वास असेल तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठलेलं असू शकतं.

आणि घाम फुटला, दम लागला, गळून गेल्यासारखं झालं, पण मीटरवर साखर ठीक आहे, असं झालं तर रुग्णवाहिका बोलवा. मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो.

पाय

रोज रात्री, पलंगावर बसून, चांगल्या उजेडात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा तळव्याचा फोटो काढून मोठा करून पाहा. बोटांच्या बेचक्या, टाच, नखांच्या कडा. मोज्यावर ओलसर डाग दिसला तर तो पायातल्या जखमेचा असू शकतो, म्हणून मोजे फिक्या रंगाचे घ्या. पायांची संवेदना गेली की खडा टोचत नाही, पाणी भाजत नाही. म्हणून बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा, पाण्याचा अंदाज कोपराने घ्यायचा, गरम पाण्याची पिशवी पायाला लावायची नाही आणि घरातही अनवाणी चालायचं नाही. मलम तळव्याला आणि टाचेला लावा, बेचक्यांत नको, तिथे ओल राहते. भोवरी स्वतः कापू नका. नखं दिसत नसतील तर ती दुसऱ्याकडून कापून घेण्यात कमीपणा नाही. फोड आला, रंग बदलला, एकच पाय गरम आणि सुजलेला वाटला, तर दुखत नसला तरी एका दिवसाच्या आत दाखवा. न दुखणारी जखमच जास्त खोल जाते.

वर्षातून एकदा बाहुल्या मोठ्या करून डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन, रक्तातलं क्रिएटिनिन (या दोन्ही मूत्रपिंडाच्या तपासण्या) आणि पायांची संवेदना तपासून घ्या. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेत असाल तर बी१२ सुद्धा. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी. रात्री लघवीला उठावं लागतं, तेव्हा पलंगापासून न्हाणीघरापर्यंत मंद दिवा असू द्या, आणि उठताना मिनिटभर पलंगाच्या कडेला बसून मग उभे राहा.

विसरायला होऊ लागलं तर

वर्षानुवर्षं नीट इन्सुलिन घेणारा माणूस एकाएकी डोसात चुकू लागला, वहीतल्या नोंदींत खाडे दिसू लागले, तर ते निष्काळजीपणाचं लक्षण समजू नका. स्मरणशक्ती उतरणीला लागल्याची ती पहिली खूण असू शकते. सतत उदास वाटणं, कशातच मन न लागणं हेही मधुमेहात जास्त आढळतं, आणि त्यातूनही डोस चुकतात. दोन्हींसाठी डॉक्टरांना सांगा आणि उपचार सोपे करून मागा: दिवसातून चारऐवजी एक इंजेक्शन, तेही सकाळी, जेव्हा रोजचा निरोप जातो आणि कोणीतरी जागं असतं. आत्याचं इन्सुलिन असंच रात्रीवरून सकाळी आणलं गेलं, डोस कमी झाला, आणि टोचून झालं की ती कॅलेंडरवरच्या खुणेचा फोटो मला पाठवायची.